पितृपक्षात कोटेशन, घटस्थापनेनंतर गाडी

सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी 26 वर्षं नोकरी केली. त्यातली सतरा-अठरा वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर गेली. मला गाडी अजून धड रिव्हर्स घेता येत नाही, पण कोटेशन वाचता येतं. म्हणून पुण्यातल्या भाच्याने गाडी घ्यायचं काढलं तेव्हा बहिणीचा फोन आला, "ताई, तू जा त्याच्याबरोबर. तो त्या लोकांना नुसतं 'हो, चालेल' म्हणत बसेल."

2025 चा सप्टेंबर होता. 3 तारखेला जीएसटी परिषदेचा निर्णय आला होता. 1200 सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवर 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का उपकर होता, तो 22 सप्टेंबरपासून सरळ 18 टक्के होणार होता. मोठ्या गाड्यांना 40 टक्के लागणार होते, पण आधी उपकरासकट 45 ते 50 भरावे लागत, म्हणजे त्याही उतरणारच होत्या. भाच्याने हेरलेली गाडी 8 लाख 20 हजारांवरून हिशेबाने 7 लाख 50 हजारांवर येत होती. तो खूश. मी म्हटलं, अरे, साडेसात लाख म्हणजे काय थोडे झाले का? त्यात हे झाले नुसते एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विमा धरायच्या आधीचे.

सगळे 22 तारखेची वाट बघत होते आणि त्याच्या आधी पितृपक्ष. मी त्याला म्हटलं, याच आठवड्यात जायचं. बहीण फोनवर ओरडलीच, "पितृपक्षात गाडी?" गाडी नाही गं, बोलणी. आमचे आबा हळदीच्या व्यापारात होते, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे त्या काळातले. समोर गिऱ्हाईक नसतं तेव्हा व्यापारी खरं बोलतो, असं ते सांगायचे. त्यांच्या पंधरवड्यात त्यांचंच ऐकलं, यात कुणाची हरकत असायचं कारण नाही.

बुधवारी दुपारी गेलो. शोरूममध्ये गाड्यांपेक्षा माणसं कमी. विक्रेता मुलगा पुढे आला, मला म्हणाला, "काकू, तुम्ही इथे एसीत बसा," आणि भाच्याला घेऊन गाडीकडे गेला. बसले. त्याच्या टेबलावरचं छापील कोटेशन तेवढ्यात वाचून झालं.

नव्या कराप्रमाणे त्याने काढलेला हिशेब असा होता:

एक्स-शोरूम 7,50,000
आरटीओ व नोंदणी 89,500
विमा 46,200
हँडलिंग व लॉजिस्टिक 8,500
फास्टॅग 600
अ‍ॅक्सेसरी पॅकेज 18,900
एक्सटेंडेड वॉरंटी 14,500
एकूण 9,28,200

गाडी महाग वाटते म्हणून लोक पहिल्या ओळीवर घासाघीस करतात. ती ओळ कंपनी ठरवते. त्यावर विक्रेत्याच्या हातात एखादी रोख सूट असते, बाकी काही नसतं. तुमचा हात पोहोचतो तो दुसऱ्या ओळीपासून खाली. माणूस तिथे येईपर्यंत दमलेला असतो आणि आकडेही तुलनेने लहान दिसतात. साडेसात लाखांपुढे साडेआठ हजार म्हणजे चिल्लर वाटते. ती चिल्लरच मोजायची असते.

आरटीओची ओळ आधी घ्या, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही, गणित आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के एकरकमी कर आहे, 10 ते 20 लाखांना 12 टक्के. डिझेलला तो 13 टक्क्यांपासून सुरू होतो आणि सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कराचा दर बराच चढतो, तेव्हा कुणी 'फर्मच्या नावावर घ्या, फायदा आहे' म्हणालं तर आधी सीएला हा कर धरून हिशेब करायला लावा. आमच्या गाडीचे 11 टक्के म्हणजे 82,500. त्यावर नोंदणी शुल्क, कर्जाचा बोजा चढवण्याचं शुल्क, स्मार्ट कार्ड वगैरे धरून दोन-अडीच-तीन हजार मी समजू शकते. सात हजार कसले? विचारलं तर म्हणाला, "त्यात आमचा सर्व्हिस चार्ज असतो, मॅडम." एव्हाना मी काकूची मॅडम झाले होते. मी सांगितलं, आरटीओची पावती जेवढ्याची निघेल तेवढे देऊ, आणि पावतीची प्रत आम्हाला हवी. कर ऑनलाइन भरला जातो, त्याची पावती निघतेच. ओळ 85,300 वर आली.

हँडलिंग चार्जेस हा प्रकार माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं आला. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो, तो पुन्हा ग्राहकाने द्यायचा नसतो. भांडायची गरज नाही. एवढंच म्हणायचं, "या रकमेचं वेगळं जीएसटी बिल द्या आणि हे शुल्क कोणत्या नियमाखाली आहे ते त्यावर लिहा." आमच्या वेळी तो आत मॅनेजरकडे गेला आणि परत आला तेव्हा ती ओळ पेनाने खोडलेली होती.

आता विमा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात मोठी गळती इथेच होते.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, एकदम घ्यावा लागतो, 2018 च्या सप्टेंबरपासून. त्याचा दर ठरलेला असतो, तो सगळीकडे सारखा. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, आणि त्यावर लावलेल्या जोडण्यांत. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही. सक्ती करत नाहीतच म्हणा, भीती घालतात, "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही हं." कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर वर्कशॉपला भरणं, हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर असतं. विमा कुणाच्या टेबलावर घेतला याच्याशी त्याचा संबंध नाही. विमा कंपनीच्या यादीत तुमच्या घराजवळचं वर्कशॉप आहे का, ते आधी बघून घ्या.

बाहेरून भाव काढताना मात्र सारख्याला सारखं तोलायचं. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी रक्कम, नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या 95 टक्क्यांच्या आसपास असते. ती 6 लाखांवर आणून हप्ता स्वस्त दाखवणारे महाभाग आहेत. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारी जोडणी, घ्याच, पहिली पाच वर्षं तरी. इंजिन प्रोटेक्ट पुण्यात घ्यावंच, पावसाळ्यात अंडरपासमध्ये पाणी साचतं आणि बंद पडलेली गाडी लोक पुन्हा पुन्हा चालू करून बघतात. चावी हरवल्याचं कव्हर, टायरचं कव्हर, प्रवासातल्या सामानाचं कव्हर, हे सगळं आमच्या कोटेशनमध्ये न विचारता घातलेलं होतं. काढून टाकलं. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण दुसऱ्या पॉलिसीत तसा आधीच असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही.

भाच्याकडे जुनी गाडी होती आणि सलग चार वर्षं त्याने क्लेम केला नव्हता. म्हणजे 45 टक्के नो क्लेम बोनस. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, हे शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसतं. जुनी गाडी विकल्याचे कागद दाखवून जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या हप्त्यात तेवढी सूट मिळते. शोरूमच्या कोटेशनमध्ये या बोनसचा उल्लेखही नव्हता. विचारलं कुणी होतं? नको ती कव्हरं काढून आणि हा बोनस लावून बाहेर 33,800 ला झालं. त्यावर शोरूमनेही तोच आकडा जुळवायची तयारी दाखवली, म्हणजे आधीच्या 46,200 मध्ये काय काय होतं ते समजा.

यातून एक क्रम आपोआप ठरतो. जुनी गाडी आधी विका. शोरूमवाले तिचे 1,60,000 आणि वर 20,000 एक्सचेंज बोनस म्हणत होते. बोनस शब्द ऐकला की माणूस मूळ आकडा विसरतो. बाहेर दोन ठिकाणी दाखवली, 2,05,000 ला गेली. मात्र विकताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून नाव खरंच बदललंय याची खात्री होईपर्यंत पिच्छा सोडू नका. गाडी कधीच विकली आणि दंडाच्या नोटिसा अजून आपल्या घरी, अशी माणसं मी टेबलासमोर रडकुंडीला आलेली बघितली आहेत.

अ‍ॅक्सेसरीच्या 18,900 मध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, सुगंधी डबी आणि टेफ्लॉन कोटिंग होतं. सगळं काढलं. मॅट आणि मडफ्लॅप नाना पेठेतून 4,200 मध्ये आणले. सीट कव्हर घेतलंच नाही, कारण या गाडीच्या साईड एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेत आहेत आणि साधं कव्हर घट्ट बसवलं तर एअरबॅग उघडायला अडथळा होतो. सहा एअरबॅगची गाडी घ्यायची आणि दोन शिवून टाकायच्या! घ्यायचंच असेल तर एअरबॅगसाठी शिवण सोडलेलं कव्हर मागा. आणि बाहेर म्युझिक सिस्टीम किंवा दिवे बसवताना कुणाला वायर कापू देऊ नका, पुढे विजेची कुठलीही तक्रार आली की वॉरंटीला बोट दाखवायला कारण मिळतं.

वाढीव वॉरंटी मी ठेवायला लावली. हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग इतके असतात की एक सुटा भाग बदलला तरी हे पैसे वसूल होतात. फक्त ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे ना, शोरूमने स्वतः छापलेली योजना नाही ना, एवढं बघा. 10 लाखांच्या वरची गाडी असेल तर आणखी एक ओळ दिसेल, 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर. ती कुणाच्या खिशात जात नाही, तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना परत मागता येते. मागायची आठवण मात्र तुम्हालाच ठेवावी लागते.

उरली रोख सूट. मी म्हटलं, 22 नंतर किंमत काय ठरेल ती ठरू दे, पण त्या किमतीवर 12 हजार सूट द्यायची हे आज बुकिंगच्या पावतीवर लिहून द्या. घटस्थापना 22 लाच होती, दसरा 2 ऑक्टोबरला. गर्दी येणार हे त्यालाही माहीत होतं, पण त्या बुधवारी त्याचं रजिस्टर कोरं होतं. लिहून दिलं.

बुकिंगच्या पावतीची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील. कंपन्या बहुधा जानेवारीत किमती वाढवतात, कधी एप्रिलमध्येही. नोव्हेंबरात बुक करून जानेवारीत गाडी मिळाली तर वाढ तुमच्या माथी. बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत आणि किती दिवसांत, तेही तिथेच लिहून घ्या. पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर द्या, कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर नाही, तो मुलगा कितीही गोड असला तरी.

अखेर आकडा आला 8,72,200. म्हणजे 56 हजार सुटले.

आणि आता माझा खरा विषय. हे 56 हजार भाचा दहा मिनिटांत घालवणार होता. डाउन पेमेंट भरून त्याला 6 लाखांचं कर्ज हवं होतं. शोरूममध्ये बसणारा फायनान्सवाला म्हणाला, "सर, सात वर्षं करा, हप्ता दहा हजारांच्या आत येतो." 9 टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता 9,653 येतो, खरं आहे. पाच वर्षांचा 12,455. पण पाच वर्षांत व्याज जातं साधारण 1,47,000 आणि सात वर्षांत 2,11,000. फरक जवळजवळ 64 हजार. पंधरा दिवस घासाघीस करून मिळवलेलं सगळं आणि वर आठ हजार. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी गाडीची किंमत घसरलेली, दुरुस्ती सुरू झालेली आणि हप्ता चालूच.

दुसरा सापळा फ्लॅट दराचा, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. "फक्त 7 टक्के" ऐकून हुरळू नका. 6 लाखांवर फ्लॅट 7 टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज 2,10,000 होतं आणि हप्ता 13,500. घटत्या शिल्लकीवर, म्हणजे रिड्यूसिंग पद्धतीने, मोजलं तर तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. 9 टक्केवाला महाग आणि 7 टक्केवाला स्वस्त, असं समजून सही केलेल्या किती फायली मी पाहिल्या. एकच प्रश्न विचारा, "रिड्यूसिंग का फ्लॅट?" आणि केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, मागा. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्जदाराला हा कागद द्यावाच लागतो, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांची फी, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला आयुर्विमा, सगळं तिथे उघडं पडतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही विचारा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जाला बँक तो लावू शकत नाही, पण वाहनकर्जं बऱ्याचदा फिक्स्ड असतात.

हप्ता झेपतो का हे बघताना पेट्रोल विसरू नका. महिना हजार किलोमीटर, शहरात 16 चं मायलेज आणि तेव्हाच्या 104 च्या भावाने साडेसहा हजार. 12,455 मध्ये हे मिळवलं की 19 हजार, विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. भाच्याला हे ऐकून सीएनजीची हुक्की आली. त्याचं रनिंग महिन्याला सातशेसुद्धा नाही, सीएनजीचे वरचे पैसे वसूल व्हायला अर्धं कर्ज फिटलं असतं. आणि सिलिंडर बसल्यावर गावाहून येताना तांदळाचं पोतं ठेवायचं कुठे? रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याने मात्र सीएनजीचाच विचार करावा.

गाडी ताब्यात घेण्याचा भाग मी माझ्या चुकीवरून शिकले. 2014 च्या पाडव्याला, 31 मार्चला, मी स्वतःची गाडी घेतली. हार, पेढे, मोठी पुठ्ठ्याची किल्ली, फोटो. आरसी हातात आली तेव्हा कळलं की गाडी ऑगस्ट 2013 ला बनलेली होती. सात महिने कुठल्या तरी यार्डात ऊन खात उभी. 2022 ला विकायला काढली तेव्हा प्रत्येक जण म्हणाला, "2013 चं मॉडेल ना?" आणि तेवढे पैसे कापले. जुन्या वर्षाची गाडी घेण्यात गैर काही नाही, जानेवारीत तशा गाड्यांवर चांगली सूट असते. पण ती सूट आपल्याला मिळाली पाहिजे, मला दमडी मिळाली नव्हती.

म्हणून नोंदणी होण्याआधी आणि शेवटची रक्कम भरण्याआधी यार्डात जाऊन ठरलेली गाडी बघायची. एकदा तुमच्या नावावर चढली की पुढचं सगळं रडगाणं. फॉर्म 21 वर म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, चासी नंबर गाडीवरच्याशी ताडून बघा. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, 3225 असेल तर 2025 चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. उन्हात उभं राहून रंग तिरक्या नजरेने बघा, दुरुस्त केलेला पत्रा वेगळा चमकतो. मॅट उचलून खाली ओल आहे का ते हात लावून बघा. मीटरवर दीडशे किलोमीटर दिसले तर विचारा, कुठे फिरली एवढी? आम्हाला दाखवलेल्या पहिल्या गाडीच्या मागच्या बंपरला नखाएवढा ओरखडा होता. "पॉलिशने जाईल, मॅडम." मग दुसरी दाखवा. दाखवली.

24 सप्टेंबरला, मधल्याच एका बुधवारी, गाडी घेतली. दसऱ्याला त्या शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती म्हणे. बहिणीने झेंडूचा हार मात्र दसऱ्यालाच घातला.

भाच्याकडून मी 2030 च्या ऑक्टोबरवर मोबाइलमध्ये एक आठवण लावून घेतली आहे. शेवटचा हप्ता गेला की आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 घ्यायचा, आरटीओकडे अर्ज करायचा आणि विम्याच्या पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढायचं. एनओसीला मुदत असते. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक कर्ज फिटल्यावर नऊ वर्षांनी आले होते, गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि एनओसी कपाटात पिवळी पडली होती. नवी काढून द्यायला तीन आठवडे लागले, तोवर गिऱ्हाईक गेलं.